कातीव लेखणीवरील नाव : कर्ता, विक्रेता आणि मालक

१. प्रश्नाचे स्वरूप

जुन्या मराठी घरातील मांडणीवरचा तांब्या किंवा परात उचलून पाहिली, तर तिच्या काठाशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले एखादे नाव हमखास आढळते. ते नाव भांडे घडविणाऱ्या तांबटाचे नसते. ते घरच्या मालकाचे असते, किंवा लग्नामुंजीत ते भांडे आहेर म्हणून देणाऱ्याचे असते. नावाला पुष्कळदा विभक्तिप्रत्यय नसतो आणि क्रियापदही नसते. तरीही वाचणाऱ्याचा घोटाळा होत नाही. भांड्यावरचे नाव मालकाचे अथवा देणाऱ्याचे समजावयाचे, हा संकेत समाजाने आधीच ठरवून ठेवलेला आहे.

हाच संकेत लेखणीच्या बाबतीत कारागिराच्या आड येतो. लाकूड लेथवर फिरवून त्याला हत्याराने घाट देणारा कारागीर तो कातारी. त्याने स्वतःच्या हाताने केलेल्या लेखणीवर आपले नाव घातले, तर पाहणारा ते लेखणी वापरणाऱ्याचे समजतो. तसे न समजला, तर दुकानाचे किंवा कारखान्याचे समजतो. करणाऱ्याचे नाव असावे, हा तर्क त्याच्या मनात सर्वांत शेवटी येतो. एका अरुंद नळीवर कर्ता, विक्रेता आणि मालक असे तीन हक्कदार उभे असतात आणि बहुधा कर्त्याला जागा मिळत नाही.

हातकामावर खूण कशी करावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ तंत्राचा दिसतो. वस्तुतः तो अर्थाचाही आहे. उमटलेली खूण कर्त्याचीच आहे हे पाहणाऱ्याला कशावरून कळावे, याचे उत्तर निरनिराळ्या काळांतील व देशांतील कारागिरांनी तीन प्रकारे दिले : क्रियापदाने, जागेने आणि आकृतीने. या तिन्हींचा इतिहास पाहिल्यावाचून आजच्या लाकडी लेखणीवरील खुणेचा विचार पुरा होत नाही.

२. ‘कतं’ : क्रियापदासह नाव

भारतातील कारागीर अनामिक राहिला, असे विधान सरसकट केले जाते. पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाडा येथील लेण्यांतील लेख या विधानाला मर्यादा घालतात. कर्जतजवळील कोंडाणे लेण्यात एका शिल्पाशेजारी ब्राह्मी लिपीत ‘कण्हस अंतेवासिना बलकेन कतं’ अशी ओळ आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, असा तिचा अर्थ. पितळखोरे येथील यक्षमूर्तीच्या हातावर ती कण्हदास नावाच्या सोनाराने केल्याचे कोरलेले आहे. कार्ले येथील चैत्यगृहात धेनुकाकट येथील सामी या सुताराने, वेणुवासाच्या पुत्राने, दाराचे मुख केल्याचा उल्लेख येतो. तेथे ‘सुतार’ या अर्थी योजलेला ‘वढकि’ हा शब्द संस्कृतातील ‘वर्धकि’चे प्राकृत रूप आहे. महाराष्ट्राच्या हद्दीबाहेर सांचीच्या दक्षिण तोरणावर ‘वेदिसकेहि दंतकारेहि रूपकंमं कतं’ असा लेख आहे. तेथे व्यक्तीचे नाव नाही. विदिशेच्या हस्तिदंती काम करणाऱ्यांच्या संपूर्ण समूहाने ती सही केली आहे.

या लेखांची वाक्यरचना विशेष लक्ष देण्याजोगी आहे. ‘बलकेन’, ‘दंतकारेहि’ ही तृतीयेची रूपे असून ‘कतं’ हे ‘कृतम्’पासून आलेले कर्मणि धातुसाधित आहे. कर्ता तृतीयेत व धातुसाधित कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे, ही घडण मराठीने आजतागायत सांभाळली आहे. ‘सुताराने दार केले’, ‘सुताराने खिडकी केली’ या वाक्यांत क्रियापद दाराच्या व खिडकीच्या लिंगाला अनुसरते, सुताराच्या नाही. लेण्यांतील ‘कतं’ आणि मराठीतील ‘केले’ यांच्या मुळाशी एकच धातू आहे. पहिल्या रूपाला पुढे ‘-ल’ प्रत्यय जोडला जाऊन दुसरे सिद्ध झाले.

दगडावरच्या या लेखांच्या शेजारीच दान देणाऱ्यांची नावे मोठ्या संख्येने आढळतात. ती बहुधा षष्ठीत असतात व त्यांच्यापुढे ‘दानं’ किंवा ‘देयधम’ असा शब्द असतो. म्हणजे एकाच भिंतीवर देणारा आणि करणारा या दोघांची नावे असूनही ती विभक्तीने व शब्दाने पृथक् ठेवलेली आहेत.

ग्रीक कुंभारांनीही हाच मार्ग धरला होता. इ. स. पूर्व सहाव्या शतकातील एक्सेकियास याने बर्लिन येथील एका कुंभावर दोन क्रियापदे योजून लिहिले, की आपण त्यावर चित्र काढले आणि तो घडविलाही. चाकावर घाट देणारा एक आणि वर चित्र काढणारा दुसरा, अशी कामाची विभागणी त्या धंद्यात होती. म्हणूनच दोन्ही कामे एकाने केल्याचे मुद्दाम सांगावे लागले. फिरत्या चाकावरील घाट आणि वरील नक्षी यांच्या कर्त्यांमधील हा भेद लेखणीच्या इतिहासात पुन्हा भेटणार आहे.

३. लंडनचे कातारी : सक्तीची खूण

लेण्यांतील नावे कारागिराने आनंदाने किंवा पुण्यबुद्धीने घातली असतील. कातकामावरील खुणेचा युरोपातील एक जुना नोंदलेला वृत्तान्त मात्र निराळ्या प्रेरणेचा आहे. मध्ययुगीन लंडनमध्ये दारू व बिअर मोजण्याची लाकडी मापे कातारी करीत. माप किंचित् लहान कातले, तर ते वापरणाऱ्या विक्रेत्याला प्रत्येक विक्रीत लाभ होई आणि ग्राहक नाडला जाई. इ. स. १३१० मध्ये सहा कातारी महापौरापुढे उभे करण्यात आले आणि ठरलेल्या प्रमाणाचीच मापे करण्याची शपथ त्यांच्याकडून घेण्यात आली. इ. स. १३४७ मध्ये पुढचे पाऊल पडले. प्रत्येक कातारीने स्वतःची निराळी खूण ठेवावी व ती मापाच्या बुडाशी उमटवावी, असे बंधन आले. या कातारींच्या संघाला राजा पहिला जेम्स याच्याकडून सनद मिळाली ती १६०४ मध्ये, म्हणजे खुणेच्या सक्तीनंतर अडीच शतकांनी.

येथे खूण कर्त्याच्या गौरवासाठी नाही. चूक सापडल्यास कोणाला धरावयाचे, हे कळावे म्हणून ती आहे. तथापि तिच्यात गौरवाचे बीजही आहे. ज्याची मापे वर्षानुवर्षे तपासणीत बरोबर निघतात, त्याची खूण विश्वासाचे चिन्ह बनते. उत्तरदायित्वासाठी जन्मलेली खूण कालांतराने प्रतिष्ठेची खूण होते. या स्थित्यंतरात चिन्हाचे रूप तेच राहते. बदलतो तो पाहणाऱ्याचा हेतू.

खुणेची जागाही महत्त्वाची आहे. मापाचे बूड वापरात दिसत नाही, परंतु तपासणीच्या वेळी माप पालथे करताच दिसते. जो भाग रोजच्या व्यवहारात दृष्टीआड असतो तो कर्त्याचा, आणि जो समोर असतो तो मालकाचा किंवा विक्रेत्याचा, अशी ही विभागणी पुढे अनेक धंद्यांत टिकली. पॅरिसच्या सुतारसंघाच्या १७४३ मध्ये सिद्ध झालेल्या व १७५१ मध्ये नोंदल्या गेलेल्या नियमांनी संघातील उस्तादांना आपल्या नावाचा लोखंडी ठसा लाकडात ठोकणे भाग पाडले. तेथेही ठसा खुर्चीच्या बैठकीखाली किंवा कपाटाच्या पाठीमागे उमटविला जाई. १७९१ मध्ये संघ बरखास्त झाले आणि ती सक्ती संपली.

पॅरिसच्या ठशांनी पुढील अभ्यासकांना एक धडाही दिला. तेथील सुतार दुरुस्तीला आलेल्या वस्तूवर आपला ठसा ठोकी. सुतारी आणि व्यापार असे दोन्ही करणारा माणूस दुसऱ्याकडून घेऊन विकलेल्या वस्तूवरही तो ठोकी. परिणामी ठशावरील नाव करणाऱ्याचे, दुरुस्त करणाऱ्याचे की विकणाऱ्याचे, हे केवळ ठशावरून ठरत नाही. ठशात नाव आहे, पण क्रियापद नाही. कोंडाण्याच्या बलकाने जो प्रश्न एका शब्दाने मिटविला होता, तो येथे अनुत्तरित राहिला.

४. मराठी कागदांतील निशाणी

करणाऱ्याला ओळखण्याचा तिसरा मार्ग आकृतीचा. त्याचे उत्तम उदाहरण मराठी कागदपत्रांत सापडते. महजर आणि वतनपत्रे यांवर साक्षीसाठी जमलेल्या लिहिता न येणाऱ्या माणसांची नावे लेखक लिही आणि त्यापुढे त्या त्या माणसाची निशाणी येई. पाटलाची ‘निशाणी नांगर’ सर्वपरिचित आहे. बलुतेदारही आपापल्या धंद्याच्या हत्याराची आकृती काढीत. ज्या हाताने हत्यार चालवावयाचे, त्याच हाताने हत्याराचे चित्र काढून मान्यता द्यावयाची, असा हा प्रकार.

या व्यवहाराशी निगडित शब्द परस्परांहून सूक्ष्मपणे भिन्न आहेत. फारसीतून आलेला ‘निशाणी’ हा शब्द केवळ खूण दर्शवितो. ‘दस्तखत’ म्हणजे हाताचे लेखन. ‘दस्तुरखुद्द’ हा कागदपत्रांतील शब्दही स्वतःच्या हाताने लिहिल्याची ग्वाही देतो. ‘सही’ हा शब्द अरबीतून आला असून ‘बरोबर’, ‘खरे’ असा त्याचा मूळ आशय आहे. ‘स्वाक्षरी’मध्ये स्वतःच्या अक्षराला प्राधान्य आहे. यावरून पाहता लंडनच्या कातारीची खूण रूपाने निशाणी होती, तर कार्याने ‘सही’, म्हणजे माप खरे असल्याची हमी होती. ‘स्वाक्षरी’ मात्र ती नव्हती. कारण ठसा दुसऱ्यानेही उमटविता येतो. हाताचे वळण हाच ज्या खुणेचा पुरावा, तीच खऱ्या अर्थाने स्वाक्षरी.

या निशाणीची मर्यादाही स्पष्ट आहे. हत्याराची आकृती धंदा सांगते, व्यक्ती सांगत नाही. शेजारी लेखकाने नाव लिहिले नसते, तर दोन गावांच्या दोन सुतारांत भेद करणे शक्य झाले नसते. शिवाय ही निशाणी कागदापुरती होती. सुताराचे हत्यार त्याच्या साक्षीत उमटले. त्याने केलेल्या नांगरावर किंवा दारावर आपली निशाणी उमटविण्याचे कोणतेही बंधन या व्यवहाराने घातले नाही.

५. लेखणी लेथवर चढते

बोरूच्या काळात लेखणीवर कर्त्याच्या नावाचा प्रश्न फारसा उद्भवला नाही. बोरू लिहिणाराच तासून घेई आणि झिजला की टाकून देई. कर्ता व मालक एकच असल्याने खुणेचे प्रयोजन नव्हते. टिकाऊ लेखनसाधन दुसऱ्याने करून विकू लागल्यावर हे चित्र पालटले.

या बदलाचा एक ठळक टप्पा लाकडी पेन्सिलीचा. न्यूरेंबर्गजवळील श्टाइन येथील लोथार फाबर याने १८३९ मध्ये वडिलोपार्जित धंदा हाती घेतला आणि पेन्सिलींवर आपल्या पेढीचे नाव घालण्यास आरंभ केला. नकली मालाचा सुळसुळाट झाल्यावर त्याने १८७४ मध्ये जर्मन संसदेकडे व्यापारचिन्हांना संरक्षण मिळावे असा अर्ज केला. तसा कायदा त्याच वर्षी संमत होऊन १८७५ मध्ये अंमलात आला. लेखनसाधनावरील नावाला अशा रीतीने कायद्याचे बळ मिळाले. परंतु ते नाव पेढीचे होते. लाकूड तासणारा आणि रंग देणारा यांचा त्यात निर्देश नव्हता.

फाउंटनपेनच्या बाबतीतही तेच घडले. आरंभीच्या फाउंटनपेनची नळी कठीण केलेल्या रबराची, म्हणजे एबोनाइटची असे. हे लाकूड नव्हे. पण त्याचे नाव आबनुसाच्या काळ्या लाकडावरून पडले आहे आणि लेथवर ते लाकडासारखेच कातले जाते. न्यूयॉर्कच्या वॉटरमन याला १८८४ मध्ये आपल्या लेखणीचे पेटंट मिळाले. त्यानंतर त्याच्या लेखण्यांच्या नळीवर नावासह पेटंटाच्या तारखा उमटू लागल्या. येथे नाव आहे ते युक्ती शोधणाऱ्याचे आणि विकणाऱ्याचे. लंडनच्या मापावर जी जागा कातारीच्या खुणेची होती, तेथे आता मालकी हक्काची तारीख आली.

जपानमध्ये चित्र किंचित् निराळे दिसते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या नामिकी कंपनीने एबोनाइटच्या कातीव नळ्यांवर लाखेचे व सोन्याच्या भुकटीचे ‘माकिए’ पद्धतीचे काम करविले. १९३० मध्ये लंडनच्या डनहिल पेढीशी तिचा करार झाला, तर १९३१ मध्ये मात्सुदा गोनरोकू यांच्या नेतृत्वाखाली या कलाकारांचे ‘कोक्कोकाई’ मंडळ स्थापन झाले. या लेखण्यांवर कलाकाराचे नाव आणि बहुधा त्यासोबत त्याचा ‘काओ’ आढळतो. ‘काओ’ म्हणजे अक्षरांना वळणे देऊन सिद्ध केलेली, नक्कल करण्यास कठीण अशी व्यक्तिगत आकृती. निशाणीची आकृती आणि स्वाक्षरीचे वळण यांचा तिच्यात संगम झाला आहे. तरीही ही सही नक्षी करणाऱ्याची आहे. नळी कातणाऱ्याची नाही. एक्सेकियासने दोन क्रियापदांनी जो भेद राखला होता, तो येथे पुन्हा उभा राहतो.

भारतीय उदाहरणाचा धागा महाराष्ट्रातून जातो. आंध्र प्रदेशातील राजमहेंद्री येथे के. व्ही. रत्नम् यांनी १९३२ मध्ये स्वदेशी फाउंटनपेनचा उद्योग सुरू केला. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्य वर्ध्याच्या मगनवाडीतून चाले व जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. त्यांच्याच हस्ते रत्नम् यांची लेखणी गांधीजींकडे पोचली. १६ जुलै १९३५ च्या पत्रात, आपण ती वापरून पाहिली असून बाजारातील परदेशी लेखण्यांना ती चांगला पर्याय दिसते, असे गांधीजींनी रत्नम् यांना कळविले. या प्रसंगी प्रश्न होता तो लेखणी कोणत्या देशात झाली याचा. करणाऱ्याचे नाव त्या प्रश्नात अनुस्यूत होते; परदेशी पेढीच्या नावाच्या जागी हाताने काम करणाऱ्या माणसाचे नाव येणे हाच स्वदेशीचा एक अर्थ होता.

भारतीय बाजारात एक उलट चालही रूढ राहिली. भेट द्यावयाच्या लेखणीवर घेणाऱ्याचे नाव कोरून देण्यात येते. ती भांड्यांवरील नावाचीच परंपरा होय. त्यामुळे येथील लेखणीवर सुटे नाव दिसताच ते मालकाचे मानण्याची प्रवृत्ती अधिक दृढ झाली.

६. लाकडी लेखणीवर खूण करण्याच्या रीती

छंद म्हणून किंवा उपजीविकेसाठी एकट्याने लाकडी लेखण्या कातणाऱ्यांचा वर्ग विसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्त्य देशांत वाढला आणि आता भारतातही असे कारागीर आहेत. त्यांच्यापुढे खुणेचा प्रश्न नव्याने उभा राहिला. वाडगे कातणाऱ्यांना तो इतका जाचत नाही. अमेरिकन कातारी बॉब स्टॉक्सडेल (१९१३–२००३) आपल्या वाडग्याच्या बुडाशी नावाबरोबर लाकडाची जात व ते कोठून आले हेही नोंदवीत असे. वाडग्याला बूड असते, म्हणून हे साधते. लेखणीला बूडच नसते. तिची सगळी बाजू दर्शनी आणि तीच हाताळण्याची.

या लेखणीची घडणच खुणेवर मर्यादा घालते. लाकडाच्या लहान ठोकळ्याला आरपार भोक पाडतात, त्यात पितळी नळी चिकटवितात आणि तो दांडीवर चढवून कातून काढतात. सर्वसामान्य प्रकारात नळीचा व्यास ७ मिलिमीटर असतो आणि टोकांशी लाकडाचा थर एक मिलिमीटरहूनही कमी उरतो. खोल कोरण्यास तेथे वाव नाही. १० मिलिमीटर व्यासाच्या लेखणीचा परीघ सुमारे ३१ मिलिमीटर. त्यातील अर्ध्याहून कमी भाग एका दृष्टिक्षेपात दिसतो.

खुणेच्या रूढ रीती पाच. पहिली, तापलेल्या तारेच्या टोकाने अक्षरे जाळणे. हिच्यात हाताचे वळण उतरते. परंतु सागवानासारख्या लाकडात वार्षिक कड्यांचा मऊ व कठीण भाग आलटून पालटून येत असल्याने टोक मऊ भागात रुतते आणि कठीण भागावर घसरते. शिसवीसारख्या गडद लाकडात जळालेली रेघ उठून दिसत नाही. दुसरी रीत, सुईसारख्या हत्याराने कोरून त्या रेघेत फिका रंग भरणे. गडद लाकडाला ती अधिक मानवते. तिसरी, शाईने लिहून वर झिलई देणे. येथे रसायनाची जाण लागते. लाखेचे द्रावण स्पिरिटमध्ये करतात. म्हणून स्पिरिटमध्ये विरघळणाऱ्या शाईने केलेली सही झिलईच्या पहिल्याच हाताने फाकते. रंगकण असलेली, वाळल्यावर न विरघळणारी शाई टिकते. चौथी रीत तापविलेल्या धातूच्या ठशाची, आणि पाचवी लेझर किरणाने कोरण्याची. या दोन्हींत अक्षर सुबक व एकसारखे येते. पण हाताचे वळण लोपते. त्या खुणा निशाणी या पदवीला पोचतात, स्वाक्षरीच्या नाही.

ज्यांना लाकडाला स्पर्श करावयाचा नाही, ते लेखणीच्या मधल्या धातूच्या कड्यावर किंवा टोपणाच्या काठाशी अक्षरे कोरतात, अथवा सोबत सही केलेला कागद देतात. कागदाचा दोष उघड आहे : लेखणी आणि कागद यांची ताटातूट होण्यास एक पिढीही लागत नाही. लाकडावरची खूणही सर्वत्र सारखी टिकत नाही. लिहिताना बोटे जेथे टेकतात तेथील झिलई प्रथम झिजते, म्हणून सही वरच्या टोकाकडे असणे श्रेयस्कर. लंडनच्या कातारींनी बुडाची निवड केली त्यातील अर्धे मर्म येथेही लागू पडते : खूण झिजेपासून दूर असावी.

७. कडे आणि शिरोरेषा

वरील रीती बहुतांशी रोमन अक्षरे डोळ्यांपुढे ठेवून सिद्ध झाल्या आहेत. देवनागरीचा विचार केल्यास लेथचा एक स्वाभाविक गुण उपयोगी पडतो. फिरत्या लाकडावर हत्याराचे टोक टेकवून बारीक खाच पाडली आणि तीत तार दाबून धरली, की घर्षणाच्या उष्णतेने काळीभोर गोल रेघ उमटते. कातकामातील शोभेची ही अगदी साधी युक्ती आहे. ही रेघ आडवी व अखंड असते. आणि देवनागरीच्या अक्षरांना जी आडवी अखंड रेघ लागते, ती शिरोरेषा होय.

लेखणीत लाकडाचे रेषे लांबीच्या दिशेने धावतात. रेष्यांच्या दिशेने कोरणे सोपे आणि त्यांना छेद देत कोरणे कठीण असते. आडव्या कापात लाकूड फाटते. नाव लेखणीच्या लांबीवर कोरले, तर शिरोरेषा रेष्यांच्या दिशेने जाते, पण प्रत्येक काना रेष्यांना छेद देतो. उलट, नाव परिघाभोवती घातले, तर सर्व काने रेष्यांच्या दिशेने येतात आणि छेद देणारी एकमेव लांब रेघ, म्हणजे शिरोरेषा, लेथ स्वतःच निर्दोष ओढून देतो. मोडी लिहिणारा कागदावर प्रथम आडवी रेघ ओढून मग तिला अक्षरे लटकावीत असे. तोच क्रम येथे लाकडावर साधतो.

राहतो अर्थाचा प्रश्न. परिघावर जागा थोडी, आणि सुटे नाव घातले तर ते मालकाचे समजले जाण्याचे भय मोठे. येथे मराठीचे व्याकरण कारागिराच्या साहाय्याला येते. तीन हक्कदारांना भाषेत तीन निरनिराळी चिन्हे आहेत : मालकाला ‘-चा, -ची, -चे’, देणाऱ्याला व विकणाऱ्याला ‘-कडून’ आणि करणाऱ्याला ‘-ने’ किंवा आदरार्थी ‘-नी’. नावापुढे हे एकच अक्षर वाढविले, की ते नाव कर्त्याचे ठरते. ‘केली’ हे क्रियापद घालण्यास जागा नसली तरी वाचणारा ते मनात पुरवितो. ‘बलकेन कतं’ यातील ‘कतं’ पुसले गेले असते, तरी ‘बलकेन’ या रूपातील तृतीयेने बलक हा दाता किंवा मालक नव्हे हे सांगितलेच असते.

८. समारोप

या इतिहासातून जे दिसते ते थोडक्यात असे. कारागिराच्या नावाला जागा मिळाली ती केव्हा श्रद्धेने, केव्हा सक्तीने. ती गेली मात्र बहुतेक वेळा निमूटपणे. पेढीचे नाव मोठे होत गेले आणि मालकाचे नाव कोरून देण्यात ग्राहकाला संतोष वाटला. त्या दोहोंच्या मधे कातारी नाहीसा झाला. भारतात १९९९ च्या भौगोलिक उपदर्शन कायद्याने स्थानविशिष्ट वस्तूंना संरक्षण देण्याची तरतूद केली आणि कर्नाटकातील चन्नपट्टणच्या लाखकामाच्या कातीव खेळण्यांना त्याखाली नोंदणी मिळाली. विदिशेच्या दंतकारांनी दोन हजार वर्षांपूर्वी गावाच्या नावाने केलेल्या सामुदायिक सहीशी तिचे नाते सहज जुळते. परंतु गावाचे नाव मिळाल्याने माणसाचे नाव मिळत नाही. सांचीला ‘वेदिसकेहि’ आहे, तसे कोंडाण्याला ‘बलकेन’ आहे. दोन्हींची आवश्यकता वेगवेगळी.

हातची लेखणी दोन पिढ्या टिकू शकते. ती दुरुस्तीला निघेल तेव्हा हातात धरणाऱ्याला दोन गोष्टी विचाराव्याशा वाटतील : हे लाकूड कोणते, आणि हे कोणी केले. पहिल्याचे उत्तर जाणकाराला लाकूडच देईल. दुसऱ्याचे उत्तर कर्त्याने स्वतः लिहून ठेवले असेल तरच मिळेल. त्यासाठी फार लिहावे लागत नाही. झिजेपासून दूर अशी एक जागा, हाताचे वळण ज्यात उतरेल अशी तीन-चार अक्षरे आणि शेवटी तृतीयेचा प्रत्यय, एवढे पुरते. कार्ल्याच्या सामीला दगडात याहून अधिक अक्षरे कोरावी लागली. त्यामुळेच त्याचे नाव, त्याच्या बापाचे नाव आणि त्याचा धंदा आज माहीत आहे.